कम्युनियन वाटणारे प्रापंचिक: मदत किती, मिरवणं किती?

ओटीवरची (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. आमच्या प्रमुख धर्मगुरूंनी मला 'कम्युनियन मिनिस्टर व्हाल का?' म्हणून विचारलंय. म्हणजे मिस्सेत (आमच्या कॅथलिक उपासनेत) कम्युनियन, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर, वाटायला मदत करणारे प्रापंचिक (धर्मगुरू नसलेले साधे भाविक). आधी प्रशिक्षण, मग बिशपांचं पत्र, मग ठरावीक मुदतीची नेमणूक. मी अजून हो-नाही काहीच कळवलेलं नाही.

घरात दोन तट पडलेत. सासूबाई कम्युनियनला उठल्या की आधी मान उंचावून बघतात, फादर कोणत्या रांगेपुढे उभे आहेत, आणि तिकडेच जातात. परवा म्हणाल्या, "तू उभी राहिलीस तरी तुझ्याकडून घेणार नाही हं, आधीच सांगून ठेवते." नवऱ्याचं मत बरोबर उलट. रांगा लवकर संपल्या तर कुणाचं काय बिघडलं, असं त्याचं म्हणणं.

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे धर्मगुरू दोन. एक मिस्सा चालवतात, दुसरे त्या वेळी बहुतेकदा आपल्या खोलीत असतात. आणि वेदीपाशी चार-चार प्रापंचिक उभे. ही गरज म्हणायची की लागलेली सवय? प्रापंचिकांनी या कामात कुठवर जावं?

तिसरा बाक
सासूबाईंचा आक्षेप प्रापंचिकांना आहे की सुनेला, एवढं आधी बघून घ्या. बाकीचं धर्मशास्त्र नंतर. :)

धूपदाणी
गरज की सवय, हे रोमने एकदा नाही, चार-पाचदा विचारून झालंय.

१९७३ साली पोप पॉल सहावे यांच्या काळात 'इमेन्से कारितातिस' नावाची सूचना निघाली. तिने सर्वत्र बिशपांना प्रापंचिक सेवक नेमायची मुभा दिली, पण अटींसकट. धर्मगुरू, डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) वा अकोलाइट (वेदीच्या सेवेसाठी रीतसर नेमलेला) नसेल, किंवा आजारपणामुळे, वयामुळे, दुसऱ्या सेवाकार्यामुळे त्यांना जमत नसेल, किंवा घेणारे इतके असतील की मिस्सा फारच लांबेल, तरच. १९८३ च्या कॅनन कायद्याचं (चर्चच्या स्वतःच्या कायद्याचं) ९१० वं कलम तीच विभागणी करतं: बिशप, धर्मगुरू आणि डीकन हे या कामाचे नेहमीचे सेवक, अकोलाइट आणि नेमलेले प्रापंचिक हे गरजेपुरते. १९९७ च्या सूचनेत 'गर्दी फार आहे' ही सबब हवी तशी ताणू नका, असं बजावलं. २००४ च्या 'रिडेम्प्तिओनिस साक्रामेंतुम'मध्ये तर सरळ लिहिलंय की मिस्सा थोडीशी लांबते एवढं कारण मुळीच पुरेसं नाही.

आणि हजर असून स्वतः न वाटणाऱ्या, प्रापंचिकांवर काम सोडून बसणाऱ्या धर्मगुरूंची कानउघाडणी १९८० सालीच 'इनएस्तिमाबिले दोनुम'मध्ये झाली आहे. तुमचे दुसरे फादर खोलीत काय करतात, हे विचारायला हरकत नसावी.

घंटावाला
दादा, कलमं पाठ आहेत हे मान्य. आता जरा गणित. समजा ६०० माणसं आहेत. एकेकाला 'ख्रिस्ताचं शरीर', 'आमेन', हातावर किंवा जिभेवर, पुढे सरका, असे पाच सेकंद धरा. एकटे फादर असले तर ३००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटं. दोघे असले तर २५. चौघे असले तर साडेबारा. आणि पाठोपाठ दुसरी मिस्सा असते, लोक दारात उभे असतात. याला 'थोडीशी' म्हणायचं का?

धूपदाणी
६०० ला चौघे असतील तर माझी तक्रार नाही. सकाळच्या साध्या मिस्सेला ५० माणसं आणि दोन मिनिस्टर, हे मी डोळ्यांनी बघतो. तिथे तुमच्याच गणिताने एकट्या फादरना चार-सव्वाचार मिनिटं लागतील.

घंटावाला
त्याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणजे आहे, पण ते छापण्याजोगं नाही.

रविवारची वाचक
धूपदाणी, 'खोलीत काय करतात' हे वाक्य खटकलं. तुम्ही सांगितलेला नियम त्या मिस्सेत सहभागी असलेल्या धर्मगुरूंबद्दल आहे. वाचायला, गायला कुणी नसताना पहाटेची मिस्सा करून, मग अंत्यविधी करून आलेला माणूस तासभर आडवा झाला असेल, तर फक्त वाटप करायला त्याला झगा चढवून बोलवा असं कुठल्याही कागदात नाही. आमच्याकडचे एक फादर मधुमेही आहेत, फार वेळ उभं राहता येत नाही. लोकांना तेवढं दिसतं की 'बसले आहेत'.

धूपदाणी
ताई, मुद्दा रास्त आहे. 'हजर असून' हे शब्द मीच लिहिले होते आणि पुढचं वाक्य त्यांच्याबाहेर गेलं. पण ओटीवरचीताईंनी 'बहुतेकदा' म्हटलंय. रोजचंच झालं तर विचारावं, एवढं तरी ठेवा.

कट्टेकरी
मी ख्रिस्ती नाही, कुतूहलापोटी विचारतो. देणारा कोण यानं वस्तू बदलते का? नसेल बदलत तर काकूंनी रांग का बदलावी? आणि बदलत असेल तर प्रापंचिकांना देऊच का द्यावं?

जुनी वही
कट्टेकरी, नेमक्या जागी बोट ठेवलंत. मी बरीच वर्षं मुलांना धर्मशिक्षण दिलं, हा प्रश्न दहा वर्षांची पोरं दरवर्षी विचारत.

कॅथलिक श्रद्धा अशी की मिस्सेत धर्मगुरूंनी अर्पणाची प्रार्थना म्हटली की भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात. ते फक्त धर्मगुरूच करू शकतात. प्रापंचिकाला तिथे कसलाही वाव नाही. एकदा झालं की मग देणारा पोप असो नाहीतर शेजारी, देणं तेच. म्हणून सासूबाईंना रांग बदलून जास्तीचं काही मिळत नाही. पण ते शरीर आहे म्हणूनच त्याला कुणी आणि कसा हात लावावा, याची चर्चला काळजी. १३ व्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनस म्हणत की अभिषिक्त हातांखेरीज कुणी स्पर्श करू नये, आणि त्याला जोडूनच निकडीचा अपवाद सांगत. उदाहरणार्थ जमिनीवर पडलं तर. थोडक्यात, दोन्ही बाजू एकाच श्रद्धेवर उभ्या राहून भांडतात.

त्याआधीचं चित्र आणखी वेगळं. इसवी सन १५५ च्या सुमारास संत जस्टिन लिहितात की जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी डीकन घरी घेऊन जात. पुढच्या काही पिढ्यांत श्रद्धावंत स्वतःच घरी नेऊन ठेवत आणि आठवड्यात घेत, याचेही उल्लेख आहेत. तार्सिसियस नावाचा हुतात्मा ख्रिस्तशरीर नेताना जमावाच्या हाती सापडला, पण त्याने ते दिलं नाही आणि प्राण सोडला. चौथ्या शतकात पोप दमासस यांनी त्याच्यासाठी काव्यलेख रचला. म्हणजे 'हे सगळं १९७३ नंतरचं फॅड' हेही खरं नाही, आणि 'आरंभीच्या चर्चमध्ये होतं म्हणून आज सर्रास चालावं' हेही नाही. मधल्या शतकांत आदर वाढला, तसे नियमही आवळत गेले.

तिसरा बाक
जुनी वही यांच्या प्रतिसादाला दंडवत. मुलांना हे एवढं सांगत होतात? आम्हाला फक्त 'गप बसा' सांगायचे.

जुनी वही
गप बसा हेही सांगायचो.

बरं, घंटावाल्यांच्या गणितात एक गोष्ट राहिली: ६०० माणसं उठू कधी लागली? १२१५ च्या लॅटरन धर्मसभेला वर्षातून निदान एकदा तरी घ्या, असा नियम करावा लागला होता. इतके लोक मागे राहत. मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा न पिता उपास, वर आपण अपात्र आहोत ही भीती. १९०५ साली पोप पायस दहावे यांनी वारंवार, जमल्यास रोज घ्या, असं सांगितलं. १९१० साली लहान मुलांसाठी वयाची अट साधारण सातव्या वर्षावर आणली. उपासात पाणी चालेल असं १९५३ साली ठरलं. १९५७ साली तो तीन तासांवर आला, १९६४ साली एका तासावर. रांग लांबत गेली आणि धर्मगुरू तेवढेच राहिले किंवा घटले. १९७३ ची परवानगी या सगळ्याच्या शेवटी येते.

कॉयरच्या मागून
इतिहास उत्तम. मी जरा खालच्या पातळीवर येते.

आमच्याकडे मिनिस्टरांची यादी लागली की रुसवेफुगवे सुरू. मोठ्या सणाच्या मिस्सेला कुणाचं नाव, साध्या दिवशी कुणाचं. एका बाईंचं नाव ख्रिसमसच्या रात्री नव्हतं, तर पुढचा महिनाभर त्या आमच्या बाजूच्या दारानं येत-जात होत्या. आजाऱ्यांच्या घरी जायची यादी लावली की मात्र कागद कोरा. त्या दोन याद्या शेजारी शेजारी लावल्या तर ओटीवरचीताईंना उत्तर मिळेल.

प्रांजळ
कॉयरच्या मागून +१००

निळी शाई
मला उलट बाजू मांडायची आहे. सगळेच 'गरज नसेल तर नको' म्हणताय, जणू प्रापंचिक वेदीजवळ आला की काहीतरी अनर्थच. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६३ साली उपासनेत सर्वांच्या पूर्ण, जाणत्या आणि सक्रिय सहभागाची मागणी केली. बाप्तिस्मा आम्हालाही मिळालाय. स्त्रियांच्या बाजूने बघा. १९७२ साली पॉल सहावे यांनी अकोलाइटची रीतसर सेवा प्रापंचिकांना खुली केली, पण पुरुषांनाच. पुढच्याच वर्षी कम्युनियन मिनिस्टर म्हणून स्त्रीला परवानगी मिळाली. अकोलाइट म्हणून स्थापन व्हायला मात्र पोप फ्रान्सिस यांच्या १० जानेवारी २०२१ च्या आदेशापर्यंत थांबावं लागलं. इतकी वर्षं वेदीजवळ बाई दिसली ती बहुतांशी या एका सेवेमुळे. ते 'गरजेपुरतं' म्हणून आवरतं घ्या म्हणणं सोपं आहे, पण आवरल्यावर जागा कुणाची जाते ते बघा.

धूपदाणी
निळी शाई, सहभाग म्हणजे हातात काहीतरी काम असणं नव्हे. शेवटच्या बाकावर बसून मनापासून 'आमेन' म्हणणारी आजी पूर्ण सहभागी आहे. काम हाच सहभाग ठरला तर तिचा सहभाग शून्य म्हणावा लागेल. आणि प्रापंचिकांचं खरं क्षेत्र घर, नोकरी, समाज हे आहे, हेही तीच धर्मसभा सांगते. धर्मगुरूंची अर्धीमुर्धी नक्कल करून प्रापंचिक मोठा होत नाही.

निळी शाई
नक्कल कोण करतंय? आजीचं मान्य. पण स्त्रिया पुढे आल्या की लगेच सगळ्यांना शेवटचा बाक का आठवतो?

तिसरा बाक
तिसऱ्या बाकाची बाजू कुणीच घेत नाही, याचा निषेध.

पायवाट
मी जिथे सेवा दिली तिथल्या वाड्या-वस्त्यांना धर्मगुरू महिन्यातून एकदा येत. बाकीच्या रविवारी आम्ही प्रापंचिक जमून शास्त्रवाचन करायचो, प्रार्थना म्हणायचो आणि आधीच्या मिस्सेतलं राखून ठेवलेलं ख्रिस्तशरीर वाटायचो. अशा उपासनेसाठी १९८८ साली रोमने मार्गदर्शिकाही काढली. तिथे कुणी रांग बदलायचं नाही, कारण रांग एकच. पण त्यात एक धोकाही दिसला. काही वर्षांनी लोक म्हणायला लागले, 'आज मिस्सा छान झाली.' ती मिस्सा नव्हती! फादर आले काय, न आले काय, फरक वाटेनासा झाला, तेव्हा आम्हीच घाबरलो. मग दर वेळी सुरुवातीला सांगायचं ठरवलं की ही मिस्सा नाही आणि धर्मगुरू मिळावेत म्हणून आज प्रार्थना करू. त्यामुळे निळी शाईंचं वेदीजवळचं स्थान मला हवंय, आणि धूपदाणींची भीतीही पटते.

समईची वात
आमच्याकडे यावर वेगळा तोडगा निघाला. विवाहित पुरुषांना कायमचे डीकन होता येतं, १९६७ पासून ती सेवा पुन्हा सुरू झाली आहे. दोघे डीकन झाले आणि मिनिस्टरांची संख्या आपोआप उतरली. अर्थात निळी शाई म्हणतील, यातही पुरुषच.

निळी शाई
म्हटलंच समजा.

घंटावाला
अवांतर: हात छातीवर दुमडून येणाऱ्या लहान मुलांना मिनिस्टर कपाळावर क्रूस काढून आशीर्वाद देतात, हे चालतं का?

धूपदाणी
मिस्सेतला आशीर्वाद धर्मगुरूंचा, आणि तो शेवटी सगळ्यांनाच मिळतो. मिनिस्टरने हसून मान हलवावी. आजाऱ्याच्या घरीसुद्धा प्रापंचिक 'प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो' म्हणत हात पसरत नाही, 'प्रभू आपल्या सर्वांना आशीर्वाद देवो' म्हणून स्वतःवर क्रूस काढतो.

गव्हाची अडचण
आणखी एक अवांतर. मला सीलिअॅकचा आजार आहे, गव्हातलं ग्लूटेन चालत नाही. म्हणून साधी होस्ट (कम्युनियनची भाकरीची पातळ चकती) चालत नाही, आणि चर्चच्या नियमाप्रमाणे पूर्ण ग्लूटेनविरहित भाकर मिस्सेला ग्राह्य नाही. अगदी कमी ग्लूटेनची चालते. ती माझ्यासाठी वेगळ्या डबीत असते. आमच्या एक मिनिस्टर मिस्सेआधी मला शोधून कुठे बसलेय ते बघून ठेवतात आणि इतर होस्टना लागलेली बोटं माझ्या डबीला लागू देत नाहीत. मी रांग बदलते, पण त्यांच्याकडे जायला.

रविवारची वाचक
आता माझा अनुभव लिहितेच. आई शेवटची दीड-दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. फादर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी यायचे, पापनिवेदन ऐकायचे. आजाऱ्यांचं तैलाभ्यंग त्यांनीच केलं, ते धर्मगुरूंशिवाय कुणी करूच शकत नाही. पण दर रविवारी मिस्सा संपली की एक निवृत्त शिक्षक मिनिस्टर थेट आमच्याकडे यायचे. चहा विचारला तर म्हणायचे, 'नंतर, आधी काम.' वाटेत कुणाशी गप्पा नाहीत. आईला त्या दिवशीचं शुभवर्तमान वाचून दाखवायचे, कारण तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. गिळता येईना तेव्हा होस्टचा अगदी छोटा तुकडा द्यायचे आणि मागून पाणी. ती कधी अर्ध्या प्रार्थनेत झोपून जायची, तर बसून राहायचे. फादरांना ६०-७० आजारी घरं दर आठवड्याला शक्यच नव्हती.

त्या माणसाला वेदीपाशी मी क्वचितच पाहिलं. सणाच्या यादीत नाव नसायचं त्यांचं.

कॉयरच्या मागून
या प्रतिसादावर काय लिहायचं... फक्त पोच देते.

ओटीवरची
सगळ्यांचे आभार. शंभर दिशांनी गेला धागा, पण मला हवं ते बरंचसं मिळालं. रविवारची वाचक, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. काही बोलल्या नाहीत.

मी फादरांना विचारायचं ठरवलंय की मला फक्त आजाऱ्यांच्या भेटींसाठी घेता का? वेदीपाशी खरंच माणूस कमी पडेल तेव्हाच हाक मारा. असं निवडून घेता येतं का? आणि त्या कामात काय काय सांभाळायचं असतं, ते कुणी सांगेल का?

पायवाट
घेता येतं. बिशपांनी दिलेल्या परवानगीच्या कक्षेत कुठे वापरायचं ते प्रमुख धर्मगुरू ठरवतात, आणि आजाऱ्यांसाठी कुणी स्वतःहून मागितलं तर ते हरखतीलच.

सांभाळायचं असं. पिक्स, म्हणजे ती छोटी डबी, भरून घेतली की तडक त्या घरी. बाजारहाट, वाटेतली कामं नंतर. उरलं तर परत टॅबरनॅकलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या ख्रिस्तशरीर राखून ठेवायच्या पेटीत. रात्रभर घरी ठेवायचं नाही, देव्हाऱ्यातसुद्धा नाही. घरच्यांना आधी फोन करून टेबलावर स्वच्छ कापड, मेणबत्ती आणि पाण्याचा पेला ठेवायला सांगा. आजाऱ्याला आणि त्याची सेवा करणाऱ्यांना एक तासाच्या उपासाची सक्ती नाही, हे अनेकांना माहीत नसतं आणि बिचारे औषध चुकवून बसतात. गिळताच येत नसेल तर फादरांना कळवा, फक्त ख्रिस्तरक्त देण्याची सोय आहे. आणि माणूस शेवटाकडे चाललाय असं दिसलं तर आपला तोरा न मिरवता ताबडतोब धर्मगुरूंना बोलवा; तिथे पापनिवेदन आणि अभ्यंग लागतं, ते आपल्या हातात नाही.

निळी शाई
यात एक भर. टीव्हीचा आवाज बंद करायला सांगा. नम्रपणे, पण सांगा.

ओटीवरची
नोंदवून ठेवलं. एक घरगुती शंका. मला एखाद्या रविवारी जमलं नाही, तर डबी त्या आजींच्या मुलाकडे दिली तर? तो मिस्सेला येतोच.

धूपदाणी
नाही. २००४ च्या सूचनेत हे नाव घेऊनच नाकारलंय: आजाऱ्याचे आईवडील, नवरा-बायको, मूल, कुणाकडेही परस्पर सोपवता येत नाही. मुलालाच द्यायचं असेल तर फादरांना सांगून त्याची रीतसर नेमणूक करून घ्या. खरं तर तोच उत्तम उपाय. आईला दर रविवारी मुलाच्या हातून मिळेल.

घंटावाला
धूपदाणी कुणाची तरी नेमणूक करा म्हणताहेत! तारीख लिहून ठेवा रे.

धूपदाणी
गरज आहे तिथे मी कधी नाही म्हटलं?